खुराड्यातली खिडकी

उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता कोणी झरीला आमच्या लिंबाजी दाजींना भेटायला गेलं, तर ते घरात सापडत नसत. ओसरीवर नाही, अंगणातल्या लिंबाखाली नाही. ते कोंबड्यांच्या खुराड्यात बसलेले असत.

खुराड्याशेजारी नव्हे, आत. वाकून दारातून शिरायचं, भिंतीलगतच्या विटांच्या कट्ट्यावर बसायचं, डोक्याला ओला पंचा गुंडाळायचा आणि दहा कोंबड्या व एक कोंबडा यांच्या संगतीत अर्धा तास काढायचा, हा त्यांचा पाडव्यापासून मिरग निघेपर्यंतचा नेम होता. हातात पेटलेली बिडी असे. बिडी त्यांनी केव्हाच सोडली होती. ही ओढायची नसे, पाहायची असे. धूर सरळ वर चढून पत्र्याखालच्या फटीतून निघून गेला की दाजींचा चेहरा खुलायचा. मध्येच घुटमळला की ते उठायचे आणि कुठली तरी वीट सरकवायचे.

“आपल्याला सोसलं तर त्यायला सोसंल,” ते म्हणत. “आपल्याला घाम तरी येतोय, मास्तर. ह्यायला घाम बी न्हाई दिला. निस्ती चोच वासायची आन बसायचं.”

मास्तर म्हणजे मी. दाजी माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आमचं गाव ताडकळस. अक्काला झरीला दिलं. मी शिकलो, परभणीत शाळेवर लागलो, आणि आता निवृत्त होऊन पुस्तकं वाचत असतो. दाजी गवंडी. झरीत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी बांधलेल्या भिंती आजही ओळंब्यात उभ्या आहेत. अक्का गेल्यावर त्यांनी थापी खाली ठेवली. नंतर एकच बांधकाम केलं, ते हे खुराडं.

त्यांचा हट्टही एकच होता. उन्हानं एकही कोंबडी जाऊ द्यायची नाही. कुत्र्यानं नेली, मुंगसानं नेली, म्हातारपणानं गेली, तर त्यांची तक्रार नव्हती. “ते त्यायचं नशीब. ऊन मातर माझा जिम्मा.”

परभणीच्या उन्हाचा जिम्मा घेणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नळाचं पाणी चहाला ठेवल्यासारखं येतं. अशा दिवसांत पत्र्याखाली कोंबड्या जगवायच्या! पण सहा उन्हाळे दाजींनी एकही जाऊ दिली नाही.

कोंबड्यांना नावं होती. थोरली, परभणीवाली, मॅडम वगैरे. मॅडम अंडी फारशी देत नसे, पण सगळ्यांच्या आधी पाण्यावर जाई. कोंबड्याचं नाव सरपंच. तो पहाटे ओरडून सगळ्यांना उठवी आणि मग स्वतः सावलीत जाऊन बसे. एकदा पंचायतीकडून कोणी घरोघरची माणसं लिहून घ्यायला आलं होतं. “घरात किती जण?” त्यानं विचारलं. “बारा,” दाजी म्हणाले. “नावं सांगा.” दाजींनी शांतपणे सांगायला सुरुवात केली. ‘मॅडम’ आल्यावर त्या माणसानं पेन खिशाला लावलं.

या कोंबड्यांतली एकही ते कधी खात नसत. लग्नाकार्यात मात्र ताट भरून घेत. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, “ती वळखीची न्हवती.”

खुराडं बांधताना त्यांनी सगळी गवंडीगिरी पणाला लावली होती. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे उतरतं ऊन अरुंद बाजूलाच लागावं. खाली कोंबड्यांच्या उंचीला जाळी. वर, पत्र्याच्या खाली, हातभर मोकळी फट. मध्ये विटांची भिंत. पत्र्याला चुना, चुन्यावर तुऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा थर, त्यावर उसाचं पाचट. आत तीन पसरट मातीची भांडी. पाणी दिवसातून चार वेळा बदलायचं, दुपारच्या पाण्यात गुळाचा खडा. दाणे पहाटे आणि ऊन उतरल्यावर. भर दुपारी कोंबडीला हात लावायचा नाही, हाकलायचं नाही, तिच्यासमोर मोठ्यानं बोलायचंही नाही.

“हवा पाव्हण्यासारखी असती, मास्तर,” हे त्यांचं लाडकं वाक्य. “यायला एक वाट लागती, जायला एक वाट लागती. नुसती येऊ दिली तर ती बी आतच बसती घाम पुसत.”

मला त्यांच्या या शास्त्रात एकच गोष्ट कळत नसे. उत्तरेच्या, रस्त्याकडच्या भिंतीत त्यांनी एक खिडकी बसवली होती. खरीखुरी खिडकी. सागाची चौकट, खाली शहाबादी फरशीची पट्टी, बाहेर उघडणारी छोटी झडप. कोंबड्यांची मान तिथवर पोचत नव्हती.

“ही कशाला?” मी विचारलं.

“हवेला.”

“हवेला खाली जाळी आहे, वर फट आहे.”

“तिसरी वाट असू द्या.”

“मग पडदा पण लावा,” मी म्हणालो. ते हसले नाहीत. एरवी ते माझ्या विनोदांना, चांगले नसले तरी, हसायचे.

मीही त्यांना एकदा मदत करायला गेलो होतो. कुक्कुटपालनावरची एक पुस्तिका वाचली आणि येताना घेऊन आलो. तिच्यात उन्हाळ्यात ओली गोणपाटं लावावीत असं लिहिलं होतं. मी उत्साहानं चारही बाजूंनी, वरपासून खालपर्यंत, गोणपाटं टांगली आणि बादल्यांनी भिजवली. बाहेरून खुराडं फार गार दिसत होतं. अर्ध्या तासानं दाजी आत गेले आणि लगेच ओरडले. आत न्हाणीघरासारखी वाफ कोंडली होती. अकराच्या अकरा चोची उघड्या, पंख अंगापासून सुटलेले. दाजींनी तीन बाजूंची गोणपाटं ओरबाडून काढली, वाऱ्याच्या अंगाचं एकच ठेवलं. घटकाभरानं एकेक चोच मिटली, तेव्हा ते खाली बसले.  मी पुस्तिका पिशवीत सरकवायला लागलो, तर म्हणाले, “असू द्या, मास्तर. तुमचं पुस्तक त्यायला वाचून दावलं, त्यायला पटलं न्हाई, एवढंच.”

शेजारच्या रुक्मिणबाई या सगळ्यावर नजर ठेवून असत. त्या अक्काच्या मैत्रीण, आणि दाजींना बोलायचा हक्क त्यांनी अक्काकडून आपल्याकडे घेतला होता. दाजी अडीच वाजता पिसं झटकत बाहेर आले की कुडापलीकडून हाक यायची, “लिंबाजीभाऊ, आज तरी आंडं दिलं का?”

“दिलं की. तुमच्याच घरी पाठवतो.”

“नगं बाई. तुमच्यावानीच निघंल.”

पण दाजींची खरी भिस्त याच बाईंवर होती. राणीसावरगावला आमच्या पुतणीचं लग्न होतं, तेही मे महिन्यात, भर दुपारी. “दुपारचं लग्न कोंबड्यायला सोसत न्हाई,” म्हणून दाजी येईनात. शेवटी रुक्मिणबाईंनी दुपारची जबाबदारी घेतली, तेव्हा आले. मांडवात सगळे उभे राहिले, बुद्धवंदना सुरू व्हायची होती, इतक्यात दाजींनी घड्याळ पाहिलं आणि फोन लावला. त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला असे.

“रुक्मिणबाई, बसलाव का आत?”

“बसले की! लय तालेवार जागा दिलीत.”

“चोची कशा हायत?”

“कुणाच्या?”

“कोंबड्यायच्या वो.”

“त्या बऱ्या हायत. माझीच वासलीय!”

सगळा मांडव हसला. नवरी हसली. दाजी मात्र गंभीरपणे म्हणाले, “मग सरपंचाच्या बाजूला सरका. तिकडं हवा लागती.”

हे सगळं सांगताना मला हसू येतं, आणि मग पुढचं लिहायला हात लवकर उचलत नाही.

अक्काची खोली पत्र्याची होती. दार अंगणाकडे, बाकी तिन्ही भिंती सलग. रस्त्याकडच्या भिंतीला एक खिडकी पाहिजे, हे अक्का लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगत होती. दाजी नाही म्हणाले असं कधी झालं नाही. पण गवंड्याचं काम उन्हाळ्यात. पाणी पडायच्या आत लोकांची घरं पुरी करायची असतात. तेव्हा दाजी अंधार पडल्यावर घरी येत. पावसाळ्यात हात रिकामे असत, पण तेव्हा खोली गार असे आणि ओल्यात भिंत फोडू नये म्हणत. हिवाळ्यात कुणाला खिडकी आठवत नाही. अशी ती खिडकी वर्षानुवर्षं पुढच्या वर्षावर गेली. “गावाच्या समद्या भितायला डोळे दिले ह्यांनी,” अक्का हसत म्हणायची, “माझंच भित आंधळं.”

शेवटच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. मूत्रपिंडं गेली होती. आडवं झोपवलं की दम लागायचा, म्हणून बाजेवर उशा लावून टेकवून ठेवलेली असायची. मी दर रविवारी झरीला दोनला पोचणाऱ्या एसटीनं जायचो, राजगिऱ्याचे लाडू घेऊन. आत शिरलो की भट्टीत शिरल्यासारखं वाटायचं. ती विचारायची, “कोणती गाडी होती? लाल का नवी?” मी सांगायचो. मग म्हणायची, “खिडकी असती तर.” मी समजायचो, हवेबद्दल बोलते आहे.

त्या वर्षी दाजींनी काम बंद ठेवलं होतं, पण आजारी माणसाच्या उशाशी भिंत कशी फोडायची? धूळ, हादरे. ते ओली चादर टांगत, पंख्यानं वारा घालत. ती मे महिन्यात गेली.

अक्काच्या चार कोंबड्या होत्या, अंगणात डालग्याखाली, बांबूच्या पालथ्या टोपलीखाली. त्या गडबडीत डालगं सावलीत सरकवायचं राहिलं. चौथ्या दिवशी एक मेली. दाजी ती हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते.

आणि अक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तिच्यासाठी वंदनेला जमलेल्या लोकांसमोर, मी, पुस्तकं वाचणारा, शब्द तोलून बोलणारा माणूस, म्हणालो, “जन्मभर लोकांना खिडक्या बसवून दिल्यात, दाजी. माझी बहीण मात्र बिनखिडकीच्या खोलीत गेली.”

 दाजींनी माझ्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या जमिनीवर ठेवला आणि ते आत गेले.

त्यानंतर वर्षभर मी झरीला पाय ठेवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात रुक्मिणबाईंचा फोन आला. “मास्तर, तुमचे दाजी कोंबड्यायसंगं राहायलेत. दुपारचे आत जाऊन बसायलेत. डोक्यावर परिणाम झाला का काय, बघा तरी येऊन.” मी कोणाला न कळवता दोनच्या एसटीनं गेलो. उतरून रस्ता ओलांडतो तोच, भर उन्हात, फाटकाशी दाजी उभे. हातात पाण्याचा तांब्या, तळहातावर गुळाचा खडा.

“तुम्हाला कसं कळलं?”

“कोंबड्यायनं सांगितलं,” ते म्हणाले. “या. ऊन लय झालंय.”

मग मी पुन्हा जायला लागलो. कधी कळवून, बहुतेकदा न कळवता. दुपारी दोनला खुराड्यात बसणारा हा माणूस, मी आलो की फाटकाशी उभा असायचाच. मी म्हणायचो, कोंबड्या फार हुशार आहेत तुमच्या. ते म्हणायचे, शिकवलंय.

मला माझं ते वाक्य परत घ्यायचं होतं. सहा वर्षांत कितीदा तरी तोंडापर्यंत आणलं. एकदा धीर करून खुराड्याच्या दारात उभा राहून सुरुवात केली, “दाजी, त्या दिवशी मी जे बोललो...”

“मास्तर,” दाजी आतून म्हणाले, “ती कोपऱ्यातली बघा. चोच वासलीय तिनं.” आणि पाण्याचं भांडं घेऊन घाईनं तिकडे सरकले. मी वाकून पाहिलं. कोंबडीची चोच मिटलेली होती.

“या की आत, बसा जराक,” ते थोड्या वेळानं म्हणाले. हे ते दर वेळी म्हणायचे. आणि दर वेळी मी माझ्या इस्त्रीच्या पॅंटकडे पाहून म्हणायचो, नको, मी इथेच बरा.

गेल्या हिवाळ्यात दाजी गेले. झोपेतच. उन्हाळा नव्हता, एवढंच माझ्या मनात आलं. मूलबाळ नव्हतं. लोक पांगल्यावर रुक्मिणबाईंनी विचारलं, “मास्तर, कोंबड्यायचं काय?” मी म्हणालो, “थंडीभर तुम्ही बघा. पाडव्याला मी येतो.”

यंदा पाडव्यापासून मी झरीत आहे. पत्र्याला चुना मारला. वाकडातिकडा झाला, पण मारला. तुऱ्हाट्या, पाचट, तीन भांडी, गूळ, सगळं दाजींसारखं. फक्त आत बसलो नव्हतो. दारातून डोकावून चोची मोजायचो आणि ओसरीवर येऊन पुस्तक उघडायचो. कुठलंही पान पुढे सरकत नसे.

परवा ऊन फारच होतं. दोनच्या जरा आधी डोकावलो तर मॅडम चोच वासून, पंख सोडून बसलेली. बाहेरून काही कळेना. आतली हवा आत बसल्याशिवाय कळत नाही, हे दाजींनी मला शंभरदा सांगितलं होतं. मी पंचा भिजवून डोक्याला गुंडाळला, त्यांच्या कोनाड्यातली बिडी पेटवली आणि वाकून आत गेलो. धूर वर चढेना. पाहतो तर वाऱ्यानं पाचट घसरून फटीत कोंबलं गेलं होतं. ते काढलं. धूर वळला, चढला आणि बाहेर गेला. मॅडमला पाणी सरकवलं आणि कट्ट्यावर टेकलो.

मग त्या कट्ट्याकडे माझं लक्ष गेलं. तो लांब होता, बाजेएवढा. एका टोकाला विटा तिरप्या लावून उतार केला होता, टेकून बसण्यासाठी. कोंबड्यांना असल्या उताराचा काय उपयोग? मी त्यावर पाठ टेकली.

खिडकी बरोबर डोळ्यांसमोर आली.

झडप उघडी होती. समोर रस्ता. रस्त्यापलीकडे एसटीचा थांबा. मधला लिंब सोडून, विजेचा खांब सोडून, नेमका थांबा. तेवढ्यात दोनची गाडी आली. दार उघडलं. एक बाई उतरली, मागोमाग एक म्हातारा. त्याच्या हातातली पिशवी इथून दिसत होती. सदऱ्याचा रंग दिसत होता. तो रस्ता ओलांडायला थबकला, इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या वेळात कोणीही उठून, माठातून तांब्या भरून, फाटकापर्यंत सहज जाऊ शकलं असतं.

“कोणती गाडी होती?” अक्का विचारायची. हवेसाठी नव्हतं ते.

मी आलो नाही त्या वर्षभरात त्यांनी हे बांधलं होतं. मग ते इथे, तिच्या जागी टेकून, रोज दोनची गाडी पाहत होते. आणि मी मात्र दर वेळी दारातच उभा राहिलो.

गाडी निघून गेली. रस्त्यावरची धूळ हळूहळू खाली बसली. कुडापलीकडून रुक्मिणबाईंचा आवाज आला, “मास्तर! कुठं गेलाव? बसलाव का काय आत?”

“बसलोय,” मी म्हणालो.

 “आंडं दिलं का?” त्यांनी विचारलं, पण नेहमीसारखं मोठ्यानं नाही.

 मी खिडकीखालच्या फरशीवर हात ठेवला. उत्तरेची, सावलीतली फरशी, बाहेर एवढं पेटलेलं असताना गार होती. इतक्या वर्षांचं वाक्य परत घ्यायला मला सगळे शब्द आठवेनात. जे सुचलं ते बोललो.

“दाजी, खिडकी चांगली झालीय.”

मॅडमनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिची चोच मिटलेली होती.